शिंजिरांना साखरपाणी पाजणारी बाटली

मी एक जुनी प्लास्टिकची बाटली आहे. माझ्या अंगाला मोठा तडा गेला आहे, त्यामुळे आता माझ्यात पाणी थांबत नाही. पण मित्रांनो, एका उन्हाळ्यात माझ्यासाठी पाखरांनी रक्त सांडलं होतं.

माझा जन्मच दांडगाईचा. कारखान्यात मला तापवलं, साच्यात कोंबलं आणि वाऱ्याच्या दाबानं फुगवलं. मी सरबत घेऊन उदगीरला आले. सरबत संपल्यावर शिवगंगाच्या घरात, फडताळात पडून राहिले. शिवगंगा घरीच शिवणकाम करायची. तिचा नवरा पुण्याला कामाला होता. घरात सासू रत्नम्मा आणि ऑटो चालवणारा दीर भीमा.

अंगणाच्या कडेला जास्वंदीची दाट रांग होती. तिथे शिंजीर यायचे. अंगठ्याएवढी पाखरं, लांब वाकडी चोच, फुलातला रस हेच त्यांचं जेवण. ऐन चैत्रात नाली खोदायला यंत्र आलं. त्याच्या दातेरी सुपानं जास्वंद मुळासकट उपटली. फांदीला लोंबणारं घरटं खाली पडलं आणि त्यावरून चाक गेलं. आत पिल्लं होती. शिवगंगा चप्पल काढून यंत्राच्या काचेवर आपटत राहिली. "थांब रे मुडद्या! पिल्लं हायत त्यात!" घरघराटात चालकाला काही ऐकूच गेलं नाही. मादी त्या चिरडलेल्या मातीवर दिवसभर ओरडत फिरली.

"फुलं तर गेली. आता हे पितील काय?" असं म्हणत शिवगंगानं गॅसवर पातेलं ठेवलं. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. उकळी आणली, झाकण ठेवून पुरतं गार केलं. रंग नाही, मध नाही, गूळ नाही. मग दाभण लाल होईपर्यंत तापवलं आणि माझ्या टोपणात खुपसलं. माझं अंग जळालं, धूर निघाला. भोकं पडली. खाली बसायला एक काडी बांधून तिनं मला ओसरीच्या पत्र्याला उलटं टांगलं.

सगळ्यात आधी ती मादी आली. मग दोन काळेनिळे नर आले आणि युद्ध पेटलं. एक प्यायला बसला की दुसरा बाणासारखा त्याच्या डोक्यावर यायचा. एकदा दोघं नखांत नखं अडकवून फरशीवर कोसळले. एक खाली दाबलेला, दुसरा त्याच्या डोळ्यात चोच मारतोय. शिवगंगानं तांब्याभर पाणी फेकून त्यांना सोडवलं, पण खालच्याचा डोळा गेला होता. तिनं लगेच घरामागे दुसरी बाटली टांगली. एकाला दुसरा दिसेना, तेव्हा कुठे मारामारी थांबली.

तिचं कौतुक करायला गल्लीतल्या बायका यायच्या. ती रोज मला गरम पाण्यानं घासायची, नवं पाणी भरायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे शिवगंगा एका लग्नासाठी माहेरी, जळकोटला गेली. "साखरंत काय ताकद हाय? गुळाचं देते बिचाऱ्यांना," म्हणत रत्नम्मानं मला न धुता, न उकळता गुळाचं पाणी भरलं. मायेनंच केलं तिनं. पण उन्हात ते पाणी आंबलं, फेसाळलं आणि त्या वासानं गांधीलमाश्या आल्या. माझं टोपण त्यांनी झाकून टाकलं.

मादी नेहमीसारखी आली. माश्या तिच्यावर तुटून पडल्या. ती काडीला लटकली, फडफडली आणि खाली पडली ती उठलीच नाही.

रत्नम्मा झाडू घेऊन धावली. माश्यांनी तिचं तोंड, मान, ओठ फोडून काढले. ती भिंतीला धरत खाली बसली. गळा सुजला, श्वास अडकू लागला. तेवढ्यात भीमा जेवायला आला. त्यानं तिच्यावर चादर टाकली, उचलून ऑटोत घातलं आणि दवाखाना गाठला. इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून ती वाचली.

भीमा परत आला तो काठी घेऊनच. "ह्या बाटलीपायी माझी माय गेली असती!" पहिल्याच घावात मी फाटले. खाली सांडलेल्या पाण्यातल्या माश्या तो चपलेनं चिरडत राहिला, आणि रडत राहिला.

रत्नम्मा घरी आली तेव्हा तिचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. बातमी ऐकून माहेराहून परतलेली शिवगंगा म्हणाली, "आत्या, बंद करू हे. लई झालं."

"बंद केल्यावर त्या एका डोळ्याच्या नरानं कुठं जावं?" रत्नम्मा म्हणाली. "मला शिकव. साखर किती, पाणी किती?"

तिनं चाचपडतच वाटी धरली. घरामागची दुसरी बाटली स्वतः घासली, स्वतः भरली, टांगली आणि तिला हात लावून तिथंच उभी राहिली. मी घरामागच्या भंगारातून पाहत होते. एका डोळ्याचा नर आला आणि तिच्या हातापासून वितीवर बसून पिऊ लागला. तिला तो दिसत नव्हता. पंखांची फुरफुर ऐकून ती हललीसुद्धा नाही.

मित्रांनो, पाखरांना पाजायचं असेल तर पाणी उकळा, बाटली घासा, उरलेलं फेकून द्या. एवढं जमणार नसेल तर बाटली टांगूच नका. त्या मादीनं आत काय आहे ते तपासलं नव्हतं. काल इथं गोड मिळालं होतं, एवढ्यावरच ती आली होती.