माझे बारा खिळे

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. मंठ्याजवळच्या एका शाळेत, आठवीच्या वर्गात मला बसवून तीस वर्षं झाली. तातेराव सुतारांनी सागाच्या फळ्या रंधून मला घडवलं. उघडताना मी जरा कुरकुरायचे, पण वारा कधी अडवला नाही. माझ्याजवळ बसायला मुलं भांडत.

मग आमच्या शाळेला दहावीचं परीक्षा केंद्र मिळालं. बाहेरची माणसं माझ्यातून चिठ्ठ्या आत टाकू लागली. भरारी पथक येणार कळताच शिपाई कचरूमामांनी बाहेरून मला बारा खिळे ठोकले. समोरच्या भिंतीतल्या माझ्या बहिणीलाही, दुसऱ्या खिडकीलाही, तेवढेच. चिठ्ठ्या टाकणारे मजेत घरी गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! परीक्षा संपली, पण खिळे काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता वर्गात चौपन्न मुलं बसतात. थंडीमुळे दारही लोटलेलं असतं. दुपारपर्यंत मुलं पेंगतात, कुणाचं डोकं दुखतं. माझ्या खालच्या बाकावरच्या आकांक्षाला तर दमा आहे. तिचा श्वास घरघरला की माझा जीव कासावीस होतो.

मागच्या महिन्यात प्रिया मॅडम नव्याने आल्या. त्यांनी हवा मोजणारं यंत्र आणलं. हवा चांगली असली की हिरवा दिवा, कोंदली की लाल. आमच्या वर्गात अर्ध्या तासात लाल लागला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझं गाऱ्हाणं सांगणारं कुणीतरी भेटलं होतं.

मॅडमनी मुख्याध्यापक सोमेश्वर सरांना बोलावलं.

"सर, लेकरं गुदमरून राह्यलेत. खिळे काढायला सांगा."

"यंत्रच बिघडलं असंल, मॅडम. व्हरांड्यात लावून पाहू."

व्हरांड्यात दिवा हिरवा झाला. सर खूश झाले.

"पहा, बिलकुल बराबर चालून राह्यलं! मंग इथंच राहू द्या. तपासणीवाल्यायलाबी दिसंल."

मॅडम वर्गात परतल्या. यंत्र तिथेच राहिलं, रोज हिरवंगार.

काल आकांक्षाला धाप लागली. तिने माझ्या फटीला तोंड लावलं. तिचे ओठ निळसर झाले होते. मी सगळा जोर लावला, पण मला तसूभरही हलता आलं नाही. बाहेरून कचरूमामांनी ते पाहिलं. ते धावत पक्कड घेऊन आले आणि त्यांनी दोन खिळे उपटले. तेवढ्यात मॅडमनी तिला उचलून व्हरांड्यात नेलं.

"थांबा कचरू," सर म्हणाले. "परीक्षा महिन्यावर आली. परत ठोकायचेच हायेत न्हाई का?"

मामांनी मान खाली घातली आणि पक्कड खिशात ठेवली.

आज आकांक्षाची जागा रिकामी आहे. ती दवाखान्यात आहे म्हणतात. उद्या आली, तरी तिला याच हवेत बसावं लागेल. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. माझ्या अंगात अजून दहा खिळे आहेत. तुमच्या घरी पक्कड असेल, तर उद्या दप्तरात घालून आणा.