समुद्राला शिलाई

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भारताचा, भिंतीवर टांगायचा, वर-खाली लाकडी दांड्या असलेला. आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, मी फार म्हणजे फारच संशयी आहे! कुणी जवळ आलं की मी आधी त्याचे हात बघतो. ओले आहेत का? तेलकट आहेत का? खिशात कंपासपेटी तर नाही ना? लडाखमध्ये माझ्या अंगाला दोन भोकं आहेत. ती काही आपोआप पडलेली नाहीत!

जन्मतः मी असा नव्हतो. छापखान्यातून निघालो तेव्हा काय माझा थाट होता! मागे कापड, पुढे गुळगुळीत कागद, वर चकचकीत रोगण. सरकारी शिक्का बसला, गुंडाळी झाली आणि मी एसटीच्या टपावरून मराठवाड्यातल्या गोरेगावच्या अलीकडच्या या शाळेत येऊन पोचलो. तेव्हा हिंगोली जिल्हा जन्मालाही आला नव्हता. माझ्या अंगावर आजही परभणीच लिहिलेलं आहे. आपलं गाव तर नव्हतंच. मग नरसिंग गुरुजींनी शाईचा एक ठिपका दिला. "हे बघा, आपण इथं!" प्रत्येक पोरानं त्यावर बोट ठेवलं. दरवर्षी नवी पोरं, दरवर्षी नवी बोटं. शेवटी ठिपका पुसला गेला, रंग गेला, आणि आता तिथं चवलीच्या नाण्याएवढी पांढरी जागा उरली आहे. सगळा देश सोडून मी आपल्या गावातच सगळ्यात जास्त झिजलो, आहे की नाही गंमत?

आमच्या शाळेची एक रीत आहे. सहल ठरली की पालकांच्या सभेत माझ्यावर लाल दोरा लावतात. एक टाचणी त्या पांढऱ्या जागेत, दुसरी जिथं जायचं तिथं. पालक बघतात, वीत लावून अंतर मोजतात, मान डोलवतात आणि मगच संमतिपत्रावर सही होते. दोरा पोरं परत येईपर्यंत काढायचा नाही. बसमधून सगळ्यात शेवटी जो उतरेल, त्यानं येऊन तो सोडवायचा. औंढ्याची सहल असली की दोन टाचण्या एकमेकींना चिकटायच्या! सगळ्यात लांब दोरा हैदराबादचा. त्या वर्षी मी कसला फुशारलो होतो!

पण माझी खरी इज्जत वाढवली ती गुलाबसिंगनं. तो शेजारच्या बंजारा तांड्यावरचा. तेव्हा तरणाबांड होता. एका मुकादमानं ऊसतोडीला एका गावी नेतो म्हणून तांड्यावरची माणसं ट्रकात घातली आणि उतरवली भलत्याच मुलखात. गुलाबसिंगनं सगळ्यांना परत आणलं, निम्मी वाट पायी. आल्यावर तो थेट शाळेत आला, तसाच धुळीनं भरलेला. "गुरुजी, आमाला कुठं नेलं होतं ते दाखवा." गुरुजींनी माझ्यावर बोट ठेवलं. गुलाबसिंग बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माणूस खोटं बोलतं. हे फडकं न्हाई बोलत."

फडकं म्हणाला, पण मला राग आला नाही. आजवर एवढी मोठी शाबासकी मला कुणी दिलेली नाही.

पुढे गुरुजी गेले. वर्गात मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी खिचडीच्या तांदळाच्या खोलीत झाली. अंधार, पोती आणि उंदीर. दिवसभर टीव्हीचा आवाज ऐकायचा आणि रात्रभर उंदरांची चाहूल घ्यायची. संशय म्हणजे काय ते मी तिथंच शिकलो. एकदा उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात कुरतडल्यासारखं वाटलं आणि बंगालच्या उपसागराला भोक पडलं!

मला बघितलं ते खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाईंनी. झाडू शोधायला आल्या आणि मला उलगडून बसल्या. "अगं माय, काय दशा झाली लेकराची!" मला लेकरू म्हणाल्या, बरं का! शाळेचा जुना निळा सदरा फाडला आणि ठिगळ लावलं. भोक रुपयाएवढं, पण ठिगळ चांगलं तळहाताएवढं. गोधडीला लावतात तसं, धडधाकट जागेवर टाका बसेल असं ऐसपैस. त्यांना अक्षर येत नाही. भोकाशेजारी वरपासून खालपर्यंत बारीक ठिपक्यांची ओळ होती. ती त्यांना उंदराचीच करणी वाटली. तीही ठिगळाखाली गेली.

मित्रांनो, तेच अंदमान होतं.

गेल्या वर्षी साधना मॅडम भूगोल शिकवायला आल्या. टीव्ही बंद पडलेला, म्हणून त्यांनी मला पुन्हा भिंतीवर चढवलं. लांबून ठिगळ हुबेहूब समुद्रच दिसायचं. कुणाला काही कळलं नाही. मला कळत होतं, पण नकाशाला तोंड कुठं असतं?

आणि यंदा ती बातमी आली. समुद्रकाठची एक संस्था, समुद्र कधीच न बघितलेल्या शाळांच्या मुलांना बेटावर नेणार. आमच्या शाळेची चौसष्ट मुलं-मुली. रेल्वेनं चेन्नई, तिथून जहाजानं अंदमान! वर्गात असा गिल्ला झाला की माझ्या दांड्या थरथरल्या. सगळ्यात जोरात ओरडली ती नववीतली निलम. मला सकाळी टांगायचं आणि संध्याकाळी गुंडाळायचं काम तिचंच. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा मान खाली घालून "हजर" म्हणणारी पोरगी. यंदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलून आली आणि तेव्हापासून तिचं तोंड म्हणून बंद नाही! ही निलम म्हणजे गुलाबसिंगची नात. तो आता तांड्याचा नायक आहे, मिशा पांढऱ्या झाल्या आहेत.

संस्थेकडून दिपक नावाचा एक पोरगा आला. काळा गॉगल, पायात बूट पण मोजे नाहीत, हातात चकचकीत फोटो. मला तो पाहताक्षणी आवडला नाही. का सांगू? अख्खी सभा होईपर्यंत त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

सभेला पटांगण भरलं होतं. मला व्हरांड्यात टांगलं. साधना मॅडमनी पांढऱ्या जागेत टाचणी लावली, दोरा चेन्नईपर्यंत नेला, तिथं टाचणी मारली आणि पुढे समुद्रात गेल्या. बोट फिरवलं. परत फिरवलं. चष्मा वर केला. दोऱ्याचं टोक त्यांच्या हातातच राहिलं.

"सापडना व्हय मॅडम?" मागून कुणीतरी म्हणालं.

"इथंच असायला हवं..."

गुलाबसिंग उठला. काठी टेकत माझ्यासमोर आला, अगदी नाक लागेल इतका जवळ. "इथं तं नुस्तं पाणी हाय."

"अहो बाबा, मोबाईलवर दाखवतो की!" दिपक पुढं झाला.

"मोबाईलवर तं आमच्या नातवानं, कुलदीपनं, माह्या मेलेल्या बैलाला नाचवून दाखवलं," गुलाबसिंग म्हणाला. पटांगण खदखदून हसलं. तो मात्र हसला नाही. "ह्याच्यावर सरकारचा शिक्का हाय. ह्याच्यावर जे न्हाई, तिथं लेकरं काहून पाठवावी? एक डाव पाहून घेतलं म्या. सांगायचं एक गाव अन् उतरवायचं दुसरीकडं. अन् हा पोरगा तर गावबी न्हाई, पाणी दाखवून राहिला!"

"दादा!" निलम ओरडली. आजोबांना ती दादा म्हणते. "पुस्तकात आहे अंदमान! मी वाचलंय!"

"पुस्तकात राक्षसबी असतेत, पोरी."

झालं! तांड्यावरची तेवीस संमतिपत्रं कोरीच परत आली. मग गावातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "नायकच न्हाई म्हणतो, तं आपण काहून घाई करावी?" कुणाला वाटलं दिपकच्या मोज्यांचं काहीतरी गौडबंगाल आहे. कुणी म्हणालं, एवढं फुकट कोण नेतं? दिपक म्हणाला, उद्या दुपारी चारपर्यंत सह्या नसतील तर जागा दुसऱ्या शाळेला जातील. त्यावर एक बाई फटकन म्हणाली, "बघा, घाई करून राहिला! मुकादम बी अशीच घाई करतो."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? साऱ्या गावानं माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि माझ्याच अंगावर खोटं शिवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत निलम माझ्यापुढं उभी राहिली. डोळे सुजलेले, पण नजर कशी? संशयी! अगदी माझ्यासारखी. ती मला म्हणाली, "तू खरा की पुस्तक खरं?" आणि तिनं चेन्नईपासून बोट सरकवायला सुरुवात केली. हळूहळू. समुद्र गुळगुळीत, गुळगुळीत... आणि एकदम खडबडीत! बोट थांबलं. मागं आलं. पुन्हा पुढं गेलं.

"मॅडम! ओ मॅडम! समुद्राला शिलाई कशी?"

साधना मॅडम धावत आल्या, मागून हातातला डाव तसाच घेऊन चतुराबाई. शिलाई बघताच चतुराबाईंचं तोंड उतरलं. "म्याच घातली ती. उंदरानं खाल्लं होतं. काही चुकलं का? माहं काम तं जाणार न्हाई ना?"

"मावशी, तुम्ही नसता तर हा नकाशाच उरला नसता," मॅडम म्हणाल्या. "उसवाल?"

चतुराबाईंनी हात धुतले, पुसले, परत पुसले. मग एकेक टाका असा सोडवला, जसा लेकराच्या पायातला काटा काढावा. ठिगळ निघालं. अंदमान तिथंच होतं! आणि काय रंग सांगू! बाकी मी उन्हानं विटलेलो, पण ती बेटं छापखान्यातून आत्ताच आल्यासारखी ताजी. ठिगळानं ती लपवली होती, हे खरं. पण ठिगळानंच ती जपलीही होती.

घड्याळात अडीच वाजले होते. निलमनं ठिगळ ओढणीच्या टोकाला बांधलं, मला गुंडाळलं, खांद्यावर उसाच्या मोळीसारखं टाकलं आणि निघाली तांड्याकडं! इतक्या वर्षांनी मी उन्हात आलो होतो. वारा असा होता की मला प्रत्येक बोरीचा संशय येत होता. ही ओढेल, ती फाडेल. पण पोरीनं मला दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं.

गुलाबसिंग कडब्याच्या गंजीजवळ बसला होता. निलमनं मला जमिनीवर पसरलं नाही. बाज उभी केली आणि मला तिच्यावर टांगलं.

"पेनानं काढले काय गं?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"पुसून बघा ना, दादा."

त्यानं अंगठा जिभेला लावला आणि बेटावर घासला! मला गुदगुल्या झाल्या, पण रंग निघाला नाही. मग त्यानं ठिगळ मागितलं. ते जागेवर ठेवून सुईच्या भोकावर सुईचं भोक लावून बघितलं, चारही बाजूंनी. भोकं बरोबर जुळली.

त्यानं ठिगळ निलमच्या हातात परत दिलं. मग म्हणाला, "मंजे हे खोटं बोललंच न्हाई. ह्याचं तोंड शिवलं होतं."

निलम टाळ्या वाजवायला लागली. "थांब," तो म्हणाला. "गाव खरं हाय, येवढंच कळलं. नेणारा कसा हाय ते कुठं कळलं? चल."

शाळेत पोचलो तेव्हा सह्या न्यायला आलेला दिपक मोटरसायकलला किक मारत होता. गुलाबसिंगनं काठी आडवी धरली. "पोरा, हे चेन्नईच्या पुढचं निळं किती दिवसाचं?"

"अडीच-तीन दिवस, बाबा."

"तीन दिवस पाणीच पाणी. प्यायचं कुठलं?"

"जहाजावर असतं."

"लेकरू आजारी पडलं तं?"

"डॉक्टर असतो जहाजावर."

"अन् बेटावर? अन् चौसष्टाच्या मागं कोण चालणार? आमचे म्हातारे बैलांवर माल घेऊन मुलूख फिरायचे, तवा चांगलं माणूस पुढं न्हाई, मागं ठेवायचे. पुढचा वाट दाखवतो. मागचा कोणाला हरवू देत न्हाई."

दिपकनं गॉगल काढला. गाडीवरून उतरला आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "हे आमच्या कागदात नाही, बाबा," तो हळूच म्हणाला. "लिहून घेतो." आणि खरंच लिहून घेतलं. बेटावरच्या दवाखान्याचं नाव त्यानं तिथूनच फोन करून विचारलं, सगळ्यांच्या समोर. मोज्यांचंही कळलं. येताना ओढ्यात ते कालही भिजले, आजही भिजले, आणि गाडीच्या हँडलवर वाळत होते! माझा एक संशय फुकट गेला, मित्रांनो. पण विचारल्याशिवाय तो गेला नसता.

चारला दहा मिनिटं कमी असताना गुलाबसिंगनं पहिली सही केली. "मागं निलम चालंल," तो म्हणाला. "हिचं तोंड मोठं हाय. कोणी मागं राहिलं तं हिंगोलीपर्यंत ऐकू येईल."

दोऱ्याची शेवटची टाचणी निलमनं लावली. बेटावर नाही, बेटाच्या शेजारी पाण्यात. "बेटाला भोक नको," म्हणाली. चतुराबाईंनी उंदराचं भोक पुन्हा शिवलं. या वेळी ठिगळ रुपयाहून जरासंच मोठं, आणि टाका कुठं घालायचा ते मॅडमना विचारून.

पोरं जाऊन आज सहावा दिवस. व्हरांडा कसा सुना सुना वाटतो. गुलाबसिंग रोज येतो, दोऱ्यावरून नजर नेतो, परत आणतो आणि पांढऱ्या जागेवर अंगठा टेकवून उभा राहतो. काल मला म्हणाला, "बराबर हाय ना सगळं?" मी नकाशा, मी काय सांगणार? पण मीही तेच विचारत होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूला ठिगळ लावा, जरूर लावा. फक्त त्याआधी खाली काय आहे ते एकदा वाचता येणाऱ्याला विचारा. माझी खालची दांडी खिळ्याला बांधून घ्या, आज वारा मला चांगल्या लक्षणाचा दिसत नाही. आणि हा दोरा कितीही लोंबला, धुळीनं भरला, तरी कुणी सोडवू नका. तो सोडवायचा हक्क बसमधून सगळ्यात शेवटी उतरणाऱ्या पोरीचा आहे.