कानाचं माप

इंदापूरच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान आहे. अर्धं दुकान, खरं तर. उरलेल्या अर्ध्यात माझा पुतण्या गोकुळ मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि कानात घालायचे हेडफोन विकतो. त्याला वाटतं दुकान त्याच्यामुळं चालतं. मी त्याला तसं वाटू देते.

तीस वर्षं मी बायकांचे हात दाबते आहे. माप कुणालाच विचारत नाही, कारण मापाच्या बाबतीत बायका धादांत खोटं बोलतात. दोन-सहाचा हात असला तरी दोन-चारच मागणार. लहान बांगडी चढली म्हणजे हात नाजूक. मी ऐकून घेते, अंगठ्याखालचं हाड दाबून बघते आणि मला पटेल तीच बांगडी काढते. चढताना बाई ओठ चावते, पण एकदा हाड पार झालं की मनगटावर बांगडी मोकळी. दुखणं तेवढ्यापुरतं. हे माझं शास्त्र, आणि याच शास्त्रानं मी करुणाचा कान सुजवला.

करुणा वरकुट्याच्या शाळेत शिकवते आणि संघपाल मास्तरांच्या भीमगीतांच्या पार्टीत गाते. अकरा वर्षं मुख्य पद तिचंच. मास्तर पोस्टातून रिटायर झालेले, पेटी वाजवणारे, बोलायला तिखट. स्टेजवरचे स्पीकर फार शिट्ट्या मारतात म्हणून यंदा त्यांनी पार्टीसाठी गोकुळकडनंच कानातली यंत्रं आणली. वायर कमरेच्या डबीला जोडायची, मग पेटी, ढोलकी आणि गाणाऱ्याचा स्वतःचा आवाज थेट कानात येतो. यंत्रं आली आणि करुणा उतरायला लागली. म्हणजे ओळीच्या शेवटी सूर हळूच खाली घसरायचा.

एप्रिलच्या उन्हात ती गोकुळकडं आली आणि हा पीस बदलून दे म्हणाली. आवाज पातळ येतो, ढोलकीची नुसती टिकटिक ऐकू येते, वाढवला तर कानात शिरशिरी जाते. गोकुळनं स्वतःच्या कानात घालून बघितलं आणि पीस चांगला आहे म्हणाला. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पौर्णिमेला बारामतीत कार्यक्रम आहे. दोन रविवारच्या तालमी उरल्यात. तोवर सूर ठरला नाही तर मुख्य पद दुसरी म्हणेल आणि करुणा मागं कोरसमध्ये उभी राहील, असं मास्तरांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं. तिनं हे कोरडेपणानं सांगितलं, पण सांगताना वायर बोटाला गुंडाळत होती आणि बोट पांढरं पडलं होतं.

दुसऱ्याच्या गिऱ्हाइकात नाक खुपसायची मला सवय आहे. मी ते यंत्र हातात घेतलं. टोकाला रबराचं एक बूच होतं, हरभऱ्याहून थोडं मोठं. गोकुळ त्याला टिप म्हणतो. मी विचारलं, एकच माप येतं का याचं? तर म्हणे तीन येतात, बारकं, मधलं आणि मोठं, पिशवीत असतात. करुणानं कुठलं घेतलं? सगळ्यात बारकं. का घेतलं म्हणून विचारलं तर म्हणाली, माझा कान लहान आहे. मला हसू आलं. दोन-चार मागणाऱ्या बायका मी तीस वर्षं बघते आहे, आता कानातही तेच.

मी मोठी जोडी काढून तिच्या कानात बसवली. बसवली कसली, कोंबली. तिनं डोळे मिटले. गोकुळनं तिच्या मोबाइलवर रेकॉर्ड केलेली पार्टीची तालीम लावली आणि तिचा चेहरा उजळला. ढोलकीची धूम, पेटीचा खालचा सूर, सगळं आत होतं म्हणाली, इतके दिवस मला निम्मीच पेटी ऐकू येत होती. ढोलकी बदलली नव्हती, पेटी बदलली नव्हती, बदललं होतं एवढंसं रबर. मला त्याचं फार नवल वाटलं. कान दुखतोय असं ती पुटपुटली, तेव्हा मी माझं शास्त्र सांगितलं. चढताना दुखतं, मग बसतं.

सोमवारी ती आली ती तणतणत. दोन्ही कान लाल, डावा तर आतून सुजलेला. रविवारच्या तालमीत तिसऱ्या कडव्यापर्यंत कशीबशी तिनं कळ काढली, मग डाव्या कानातलं उपटून फेकलं, आणि त्यानंतर सूर असा सुटला की ढोलकीवाल्यानं मान खाली घातली. मास्तर फक्त एवढंच म्हणाले की पुढच्या रविवारी दुसऱ्या मुलीलाही तयारीनं बोलवतो. "मावशी, बांगडी हाडावरनं उतरती," करुणा मला म्हणाली. "कानात ती उतरणार कुठं?"

मला लाज वाटली. साधी गोष्ट होती. बांगडीला पलीकडं मोकळं मनगट असतं, कानात पलीकडं काहीच नसतं. जे घट्ट आहे ते दोन तास घट्टच राहणार. हे मला कळायला हवं होतं आणि कळलं नाही, कारण मी विचारच केला नव्हता. मी तिची माफी मागितली आणि सूज उतरेपर्यंत कानात काही घालू नकोस, गुरुवारी ये, असं सांगितलं.

पुढचे तीन दिवस मी गोकुळला वैताग आणला. आधी स्वतःचे कान. बारकं घातलं की ढोलकी नाहीशी. बोटानं जरा आत दाबलं की परत हजर, सोडलं की गेली. म्हणजे फट राहिली की जाड आवाज तिथूनच निसटतो आणि पातळ तेवढा उरतो. मग गिऱ्हाइकांचे कान. बांगड्या भरायला बसलेल्या प्रत्येकीच्या कानात मी बूच बसवून बघितलं, दर वेळी स्पिरिटच्या कापसानं पुसून, नाहीतर गोकुळनं मला दुकानाबाहेर काढलं असतं. कळंबची एक बाई म्हणाली, सिंधुबाई, हात दाबता दाबता आता डोकंही दाबा. दाबलंही असतं, ती बसून राहिली असती तर.

त्या तीन दिवसांत कळलं की कानाची वाट सरळ नसतेच. पाळी वर आणि मागं ओढली की ती सरळ होते आणि बूच न कोंबता बसतं. दुसरं म्हणजे बहुतेकींचे दोन कान सारखे नव्हते. हातांचंही तसंच असतं, कामाचा हात भरलेला असतो, मी उजव्या हाताला नेहमीच जास्त वेळ देते. कानाचं कधी मनातच आलं नाही. आणि तिसरं कळलं ते एका आजीबाईंमुळं. त्यांच्या कानात बूच छान बसलं होतं, तेवढ्यात त्यांना जांभई आली आणि त्या म्हणाल्या, गेलं बघ तुझं गाणं. मी लगेच माझ्या कानात बोट घालून तोंड उघडलं, मिटलं. जबडा हलला की कानाची वाट हलते. आम्ही करुणाला माप लावलं होतं ते तोंड मिटून, आणि ती गाणार होती तोंड उघडून.

गुरुवारी शाळा सुटल्यावर करुणा आली. सूज गेली होती. मी तिला स्टुलावर बसवलं आणि पाळी ओढून एकेक बूच लावत गेले. उजव्या कानात मधलं नीट बसलं. डाव्यात तेच मधलं 'आ' म्हणताच सुटायचं आणि मोठं दुखायचं. गोकुळनं मग फोमचं बूच काढलं, स्पंजासारखं मऊ. दोन बोटांत वळून बारीक करायचं, कानात घालायचं आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचं. ते तिच्या डाव्या कानात असं बसलं की 'आ' म्हटलं, 'ओ' म्हटलं, मान हलवली, तरी ढोलकी जागची हलली नाही.

आता अडलं ते भलतीकडंच. एका कानात रबर आणि दुसऱ्यात फोम. गोकुळ म्हणाला, जोडी फोडता येत नाही, उरलेलं एकेक मी कुणाला देऊ? त्याचं मी ऐकलं नसतं. पण करुणाच मागं सरली. रंगही वेगळे होते, एक काळं, एक राखाडी. जोड मोडून घालायचा म्हणजे कसंसंच वाटतं, म्हणाली. आणि हा दोष माझाच होता. याच दुकानात, याच स्टुलावर, एक बांगडी फुटली तर दुसऱ्या रंगाची चालेल का म्हणून तिनं मागं विचारलं होतं, आणि जोड मोडू नये हे तिला मीच ऐकवलं होतं. मी सगळ्यांनाच ऐकवते, म्हणजे अख्खी जोडी खपते. ते मी कबूल केलं. गोकुळ छताकडं बघत राहिला. करुणा हसली आणि तिनं दोन्ही वेगवेगळी बुचं ठेवून घेतली.

मग ती तिथंच गायली. पहिल्याच ओळीला थबकली. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतोय म्हणाली, रांजणात तोंड घालून गायल्यासारखा. कान असा बंद झाला की ते होणारच होतं, मी तीन दिवस चिवडा खाताना माझाच जबडा ऐकत होते. गोकुळनं तालमीत डबीवर तिचा आवाज जरा कमी आणि पेटी जरा जास्त ठेवायला सांगितली. दोन-तीनदा म्हटल्यावर तिला सवय झाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं मोबाइलवरची जुनी तालीम लावली, ज्या तालमीत मास्तर तिला बोलले होते ती. डोळे मिटून ऐकली. एक ओळ मागं नेऊन परत ऐकली, आणखी एकदा ऐकली.

"मास्तर खरं बोलत हुते," ती म्हणाली. "मी उतरत हुते."

इतके दिवस ती मनात मास्तरांशी भांडत होती, तो आधारही गेला. जाताना मात्र ती सावकाश, दर पायरीवर एकेक ओळ गुणगुणत गेली.

रविवारी दुपारी मी दुकान गोकुळवर टाकून विहारात तालमीला गेले. दुसरी मुलगी वही घेऊन आलेली होतीच. करुणानं पाळी ओढून एक काळं आणि एक राखाडी बूच बसवलं, आ करून बघितलं, आणि पद सुरू केलं. मला सुरातलं फारसं कळत नाही. मी मास्तरांच्या भुवईकडं बघत बसले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, ज्या ओळीला ती घसरायची ती आली आणि गेली. मास्तरांची भुवई हलली नाही. पद संपलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या मुलीला वही मिटायला सांगितली आणि ढोलकीवाल्याला चहा सांगायला पाठवलं. एवढंच. कौतुक त्यांच्या स्वभावात नाही.

सगळे चहाला बाहेर गेल्यावर मास्तर पेटीपाशीच बसून राहिले. मला म्हणाले, "मलाबी बघा की, सिंधुबाई. माझ्या उजव्या कानात पयल्यापास्नं पातळच येतंय." मी खूश झाले. पिशवी बरोबर होतीच, त्यांच्याच मोबाइलवर तालीम लावली. डाव्या कानात मधलं बूच पहिल्या झटक्यात बसलं, सगळं भरून ऐकू येतंय म्हणाले. उजव्यात मधलं लावलं, पातळ. मोठं लावलं, पातळ. फोम वळून लावला, फुगेपर्यंत धरला, पाळी ओढली, आ करायला लावलं. पातळच. करुणा चहाचा कप घेऊन आत आली आणि उभी राहून बघू लागली. शेवटी डाव्या कानात जे यंत्र छान वाजत होतं तेच काढून, पुसून मी उजव्या कानाला लावलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तेच माझ्या कानाला लावून बघितलं तर ढोलकी धूम वाजत होती.

मी बूच पुसून ठेवलं. माझ्या पिशवीत आता आणखी माप नव्हतं. बारामतीला कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, असं मी म्हणाले, आणि ते म्हणताना माझा आवाज नको तितका मऊ झाला. त्यावरून त्यांना कळलं. पस्तीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताला ढोलकी आणि त्याच अंगाला मोठा स्पीकर.

मास्तरांनी पेटीचा भाता मिटला. मग त्यांनी करुणाकडं बघितलं.

"खरं सांग. तू उतरत हुतीस, का माझाच कान उतरला हुता?"

ती गप्प राहिली असती तरी पुरे होतं. सगळ्यांसमोर झालेला अपमान तिथल्या तिथं फिटला असता, आणि मास्तरांनी पुन्हा कुणाच्याही सुरात खोट काढायची हिंमत केली नसती. मला तर आतून वाटत होतं की तिनं गप्पच राहावं.

"मी उतरत हुते, मास्तर," करुणा म्हणाली. "मोबाइलवर माझं मी ऐकलं. तुमी एका कानानं धरलं, ते मला दोन कानांनी कळलं न्हवतं."

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. करुणानं कप खाली ठेवला, पेटीच्या उजवीकडं असलेला आपला माइकचा स्टँड उचलला, वायर ओढत मागून फिरून आली आणि तो मास्तरांच्या डाव्या हाताला ठेवला.

"पौर्णिमेला मी हितनं म्हणते," ती म्हणाली. "उतरले की लगेच सांगा."