बत्ती जाईपर्यंत वॉर्म-अप

आमच्या ह्यांच्या वॉर्म-अपला तिकीट लावलं असतं, तर आमची निम्मी महानगर कॉलनी रांगेत उभी राहिली असती. आधी मान डावीकडे, मग उजवीकडे. मग खांदे गोल फिरवायचे, मग कंबर, मग भिंतीला हात टेकून एकेक पोटरी ताणायची. अंगात निळा ट्रॅकसूट, मनगटाला घाम टिपायचा पट्टा. त्या वेळात गॅस संपलाय हेसुद्धा सांगायची सोय नाही, खेळाडूचं लक्ष विचलित होतं म्हणे. हा खेळाडू रेल्वेत इंजिनिअर आहे आणि बस पकडायलासुद्धा कधी धावलेला नाही.

हे सगळं कशासाठी, तर सोफा सरकवून हॉलमध्ये बसवलेल्या ट्रेडमिलसाठी. उन्हाळ्यात सब्जीची पिशवी घेऊन जिना चढताना हे मधेच थांबले होते, छातीवर हात ठेवून. सासरे असेच जिन्यात गेले. मी म्हटलं, छाती तपासून घ्या. ह्यांनी दिल्लीहून मशीन मागवलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! वर मलाच ऐकवलं, की व्यायाम करणाऱ्याला डॉक्टर लागत नाही.

पण मशीनवर पाय काही पडेना. आमच्याकडची बत्ती, इकडे उत्तरेत लाइटला बत्तीच म्हणतात, सकाळी सातला जायची, अगदी नेमाने, आणि ह्यांचा वॉर्म-अप बरोबर तेव्हाच संपायचा. मग सरकारच्या नावाने बोटं मोडत हे चहाला बसायचे. जरा लवकर सुरू करा म्हटलं, तर पहाटे स्नायू आखडलेले असतात. मशीनच्या दांड्यावर आमची अनन्या ओढण्या वाळत घालू लागली.

एका रविवारी खालच्या मजल्यावरचे शरदराव, एअरफोर्सवाले, मशीन बघायला आले. ह्यांनीच आग्रहाने बोलावलं होतं, सातच्या जरा आधी. मान झाली, खांदे झाले, पोटऱ्या झाल्या. सात वाजून गेले तरी पंखा फिरतच होता. शरदरावांनी सांगितलं, पलीकडच्या कपूरथला चौकात कुणी मंत्री उद्घाटनाला येतायत, आज बत्ती जायची नाही. ह्यांनी पुन्हा मानेपासून सुरुवात केली.

मला हसू आवरेना. आज बरे सापडले, म्हटलं. शरदराव घड्याळ बघायला लागले.

"पापा, अब चढ़ भी जाओ," अनन्या म्हणाली. इकडेच वाढली, मराठी सगळं कळतं तिला, बोलते मात्र हिंदीत.

हे चढले. ओढणी बाजूला करून दांडा धरला. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मग ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कपाळ घामाने डबडबलं होतं, आणि वॉर्म-अपने ह्यांना कधी घाम येत नाही. मी हसायची थांबले. इतके दिवस मी ज्याला आळस म्हणून नावं ठेवत होते, ती भीती होती. जिन्यातलं ते दुखणं हा माणूस विसरलाच नव्हता.

कुकर बघते, असं सांगून मी पॅसेजमध्ये गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. लगेच हॉलमधून ह्यांचा आवाज आला, चांगला टवटवीत, की मंत्र्याच्या दिवशीसुद्धा ही तऱ्हा. समोरच्या घरातला टीव्ही मोठ्याने चालू होता. शरदराव सभ्य माणूस, हळहळले आणि चहा न घेता गेले.

हे सोफ्यावर टेकणार, तोच मी स्कूटरची किल्ली पुढे धरली.

"वॉर्म-अप झालाय ना? चला. अलीगंजचे डॉक्टर रविवारीही बसतात."

"अगं, लाइट आली की मशीनवर जरा…"

"लाइट माझ्या हातात आहे," मी म्हटलं. "उठा."