छातीचं साल

उज्वलाने पलंगाची कड दोन्ही हातांनी उचलून धरली आणि श्रीनाथ सरांनी पायाखालची वीट ओढली. वीट निघाली. फरशीवर तिच्या आकाराचा ओलसर चौकोन उरला.

"अहो, लवकर. हात भरून आले."

"धर अजून जरा. एकच राहिली."

पलंग जमिनीला टेकला तेव्हा खोली एकदम बुटकी झाल्यासारखी वाटली. विटा सरांनी मागच्या अंगणात नेल्या, पाण्याच्या ड्रमाआड रचल्या आणि वर गोणपाट टाकलं. फ्रिज समोरच्या भागवतरावांनी सकाळीच येऊन खाली उतरवून दिला होता. गल्लीत तसा रिवाजच पडला होता. कुणाकडे घर बघायला माणूस येणार असला की आजूबाजूच्या घरांतलेही पलंग विटांवरून खाली यायचे, माळ्यावर चढवलेली धान्याची पोती पुन्हा स्वयंपाकघरात दिसायची. एका घराचा भाव पडला की सगळ्यांचा पडतो, हे ठरवायला कुणी बैठक घेतली नव्हती.

गोदावरीला गल्लीत गंगाच म्हणत. ती ज्या वर्षी आत यायची, ते वर्ष आकड्याने ओळखलं जात नसे. घोट्याचं साल. गुडघ्याचं साल. आणि छातीचं साल. त्या साली उज्वला रात्रभर गच्चीच्या जिन्यावर बसून होती आणि खाली घरातली भांडी एकमेकांवर आपटत फिरत होती. तेव्हापासून पाऊस लागला की ती उशाशी चपला घेऊन झोपायची. लातूरला मुलीने, मुग्धाने, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघून ठेवला होता. हे घर विकल्याशिवाय तो हाती येणार नव्हता. आणि लोक म्हणत होते, पुराचा नवा नकाशा येतोय, गल्ली निळ्या रेषेच्या आत जाणार. एकदा ती गेली की कुठलीही बँक या घरांवर कर्ज देणार नाही. मग घरं फक्त राहायला उरणार.

घोटा

रविकिरण वेळेवर आला. निलंग्याकडचा, नांदेडला ज्युनिअर कॉलेजात नुकता कायम झालेला. चपला त्याने फाटकाबाहेरच काढल्या. आत या, आत काढा, असं सरांनी दोनदा सांगितलं, तरी त्या बाहेरच राहिल्या.

घर त्याने हळूहळू पाहिलं. भिंतींना हात लावून पाहिला. रंग ताजा होता.

"सर, नदी जवळ आहे. पाणी येतं का?"

सरांनी हे उत्तर आठवडाभर घोळवलं होतं.

"तशी लांब आहे हो. फार पाऊस झाला तर बाहेर रस्त्यावर साचतं. घोट्याइतकं. संध्याकाळपर्यंत ओसरतं."

"एवढं तर निलंग्यात बसस्टँडवरही साचतं," रविकिरण हसला.

सरही हसले. उज्वला चहा टाकायला आत गेली.

गुडघा

चहा देता देता तिने विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

त्याने सांगितलं.

"असं का," उज्वला म्हणाली आणि बशीत बिस्किटं मांडू लागली. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना ती हे विचारत आली होती. सरांना त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र त्यांनी पाहिलं, रविकिरणने कप उचलला होता तो ओठाशी न नेता तसाच धरून ठेवला होता.

"घरी कोण कोण?" सरांनी घाईने विचारलं.

"मी आणि आई. गुरम्मा नाव तिचं. वर्ष झालं, एक बाजू गेली. उठता येत नाही. म्हणून तर तळमजलाच बघतोय सर. फ्लॅट लई बघितले, लिफ्ट बंद पडली की माणूस अडकलं. इथली मागची खोली तिला बरी होईल. पलंग खिडकीशी लावला की झालं."

मागची खोली. छातीच्या साली पाणी पहिल्यांदा तिथूनच वर आलं होतं, मोरीच्या जाळीतून, आवाज न करता. दारातून आत शिरायला त्याला नंतर अर्धा तास लागला होता.

सरांनी उज्वलाकडे पाहिलं. ती बिस्किटांचा रिकामा पुडा चपटा करत होती. पुन्हा पुन्हा.

छाती

"रविकिरण," सर म्हणाले, "मघाशी मी खोटं बोललो. पाणी घरात येतं."

"अहो," उज्वला म्हणाली.

"मागच्या खोलीत आधी येतं. एकदा तर इथपर्यंत आलं होतं." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आईंना तिथे ठेवू नका. हे घर घेऊ नका तुम्ही."

रविकिरणने कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

"आडनाव विचारून झाल्यावर आठवलं का, सर?"

"काय?"

"पाणी."

सरांना कळायला थोडा वेळ लागला. मग कान तापले.

"छे छे, तसं मुळीच नाही. तुमचा गैरसमज..."

"एकानं सांगितलं वाळवी हाय. एकाचा भाचा अमेरिकेतून येणार होता, अजून आला न्हाई. एक बाई म्हणाल्या घराला दोष हाय, तुमच्यासाठीच सांगते बाळा." तो शांतपणे बोलत होता, फक्त त्याची कॉलेजातली भाषा सुटत चालली होती. "पाणी तुम्ही नवीन काढलं. हे कुणी काढलं नव्हतं."

"अहो, कुणालाही विचारा गल्लीत."

रविकिरण उठलाच. समोर भागवतराव आपल्या फाटकाला टेकून अर्धापूरची केळी खात उभे होते. बहुतेक केव्हापासून.

"काका, या घरात पाणी येतं का?"

भागवतरावांनी सरांकडे पाहिलं. सर दारात उभे होते. सर मान हलवत होते, हो म्हणून, सांगा म्हणून. भागवतरावांनी ती मान आपल्या पद्धतीने वाचली.

"पाणी?" ते मोठ्याने हसले. "अहो, नळाला येऊन न्हाई राहिलं, गंगेचं कुठून येतंय! जन्म गेला आमचा हितं. बिनघोर घ्या."

"भागवतराव, खरं सांगा त्यांना."

"खरंच सांगून राहिलो की, सर!" त्यांनी एक डोळा बारीक केला आणि साल गटारात टाकलं.

रविकिरण परत वळला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. हे ठाऊकच होतं, अशी एक थकलेली समजूत होती, आणि सरांना रागापेक्षा तीच सोसवेना. एवढी वर्षं शाळेत शिकवलं. कुठल्या वर्गात कधी कुणाचं आडनाव पाहून बाक ठरवला नाही. जुने विद्यार्थी अजून रस्त्यात वाकतात. आणि हा पोरगा आता निलंग्याला जाऊन, कॉलेजात जाऊन, आईच्या पलंगाशी बसून सांगणार, श्रीनाथ सरसुद्धा त्यातलेच.

त्यांचा हात खिशावर गेला. मोबाइलमध्ये फोटो होता. मुग्धासाठी काढलेला. उज्वला जिन्यावर बसलेली, खालच्या पायऱ्या दिसत नाहीत, आणि मागच्या खोलीच्या चौकटीत तपकिरी पाणी. एवढा एक फोटो समोर धरला असता तरी झालं असतं.

उज्वला त्या हाताकडे पाहत होती. तिचे डोळे पाण्याने भरले होते, आणि ते कशासाठी, हे सरांना नीट माहीत होतं.

हात खिशावरच राहिला.

कोरडं

"बसा," सर म्हणाले. "चहा गार झाला, दुसरा टाकते ती. तुम्ही म्हणता तसलं या घरात काही नाही. कधी नव्हतं. मी आपलं म्हातारपणी उगाच घाबरवलं तुम्हाला. घर तुमचंच समजा."

रविकिरण उभाच राहिला. मग एकदम खुर्चीत बसला आणि दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला.

"माफ करा, सर. मी काहीच्या काही बोललो. सवय झालीय मला, सगळीकडे तेच दिसतं."

"असू दे, असू दे."

"न्हाई सर. तुमच्यासारखी माणसं लई कमी हायत."

आत गॅस पेटल्याचा आवाज आला. साखरेच्या डब्याचं झाकण निघालं. रविकिरण पुन्हा मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. पलंग कुठे बसेल, डोकं कोणत्या दिशेला, खिडकीतून आईला काय दिसेल, हे तो हातांनी हवेत आखून पाहत होता.

"सर, एकच विनंती आहे," तो वळून म्हणाला. "ताबा मिरगाच्या आधी मिळाला तर बरं होईल. एकदा पाऊस लागला की आईला हलवणं अवघड जातं."

"मिळेल की," श्रीनाथ सर म्हणाले.