डब्यातला वाघ

हरिदासभाऊंचं एकच म्हणणं होतं, आणि ते चहाच्या टपरीवर रोज सकाळी नव्यानं निघायचं. जग म्हणजे जंगल. ज्याच्याजवळ दात, त्याच्याशी सगळे गोडीनं बोलतात. बाकी करार, परिषदा, हात मिळवून काढलेले फोटो, सगळी नौटंकी. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात उभी हयात शिफ्ट ड्युटी करून माणूस पोंभुर्ण्याजवळच्या आपल्या गावी परतला, तो पेन्शन, गुडघेदुखी आणि परराष्ट्र धोरण घेऊनच.

"रशिया काऊन घुसला?" बशीत चहा ओतत ते विचारायचे, आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायचे, "समोरचा कमजोर दिसला म्हणून. अमेरिका अन् चीन एकमेकाले काऊन भिडून नाई राह्यले? दोघाईच्या घरी बॉम्ब हाय म्हणून. धाक पाह्यजे बापा, धाक! धाक असला का शांतता आपल्या पायानं चालत येते."

समोरच्या बाकावर गुणवंतराव असायचे. माजी सरपंच. हरिदासभाऊंच्या धानाच्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, लागूनच त्यांची बांधी, मधे नुसता मातीच्या बांधाचा एक धुरा. आपण गावातली सगळी भांडणं बोलून मिटवली अशी त्यांची पक्की समजूत होती; भांडणाऱ्यांचं मत वेगळं असेल, पण ते त्यांना कोणी सांगायला गेलं नव्हतं.

"चर्चेनं सुटते जी सगळं," गुणवंतराव म्हणायचे.

"मंग डुकराशी करा नं चर्चा!" हरिदासभाऊ म्हणायचे, आणि टपरी हसायची.

डुकराचा विषय काही उगाच निघत नव्हता. धान पोटरीत आलं तशी रानडुकरं दोघांच्याही बांधीत घुसायला लागली होती. खातात थोडं, लोळून तुडवतात जास्त. आता खरं सांगायचं तर ती बांधी हरिदासभाऊंची नव्हेच, त्यांच्या बायकोची, ठमाबाईची. नवरा ऊर्जानगरात शिफ्टा करत होता तेव्हा चिखल तिनंच तुडवला, रोपांचा रोवणा तिनंच केला, पोरीही तिनंच वाढवल्या. आणि ती कोणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती.

"सकाळची बुद्धवंदना झाली नाई का लगेच तुमचे बॉम्ब सुरू," तिनं एका सकाळी ताट आपटलं. "चीनचं पाह्यता, अन् घरचं धान डुकराईनं खाल्लं ते दिसत नाई? एवढे अकलेचे कांदे असान तं लावा नं आपल्या बांधीत धाक!"

हे हरिदासभाऊंच्या काळजाला लागलं. बायकोच्या शेतासाठी आपण जन्मात काही केलं नाही, हे त्यांना आतून ठाऊक होतं. ते तडक पोंभुर्ण्याला मोहसीनच्या मोबाइलच्या दुकानात गेले. मोहसीननं त्यांना एक स्पीकरचा डब्बा दिला. वर सूर्यावर चालणारी पट्टी, पोटात वाघाची डरकाळी. दिवस मावळला की डब्बा आपोआप गुरगुरायचा, थांबायचा, पुन्हा गुरगुरायचा. हरिदासभाऊंनी तो गुपचूप बांधीतल्या राखणीच्या माळ्याच्या खांबाला बांधला आणि कोणाला सांगितलं नाही. ठमाबाईलाही नाही. धाक खोटा आहे हे एकाला जरी कळलं तरी धाक संपला, हा शास्त्राचा पहिला नियम.

आणि डुकरं पळाली की! हरिदासभाऊंच्या बांधीतून निघाली ती धुरा ओलांडून थेट गुणवंतरावांच्या बांधीत. हरिदासभाऊ टपरीवर मिशीतल्या मिशीत हसत होते. गुणवंतराव आता चर्चेचं नाव काढत नव्हते.

मग एका संध्याकाळी धुऱ्यापलीकडून दुसरी डरकाळी उठली. जास्त जाड, जास्त खर्जातली. हरिदासभाऊ दचकले, मग त्यांनी ओळखलं, मग पेटले. दुसऱ्या दिवशी मोहसीनच्या दुकानात.

"अबे, तू त्यालेबी विकला?"

"भाऊ, मी अलिप्त राष्ट्र हाय," मोहसीन शांतपणे म्हणाला. "ज्याले लागते त्याले देतो. त्यायनं तुमच्यापेक्षा मोठा मागितला."

"मले त्याच्याहून मोठा दे."

मोहसीननं दिला. गुणवंतरावांनी त्याहून मोठा आणला. संध्याकाळ झाली की शेतशिवार असं दणाणायचं की गावातली कुत्री खाटेखाली शिरायची. आपण दोघं आणि मोहसीन सोडून हे कोणाला कळू द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही महासत्तांचं न बोलता एकमत होतं.

गावानं मात्र आपला अर्थ काढला. दोन नर वाघ हद्दीसाठी भिडले! वनरक्षक येऊन सांगून गेला, बांधीकडे फिरकू नका. धान पिकून पिवळं झालं, कापणीला आलं, आणि कापणाऱ्या बायांनी विळे आढ्याला खोचून ठेवले. एकही बाई शेतात जाईना. ठमाबाईच जाईना, तर बाकीच्या कशा जातील? साऱ्या तिच्याच मागं चालणाऱ्या.

हरिदासभाऊ एकटेच भर उन्हात बांधीत गेले. वाघाची भीती त्यांना नव्हतीच, वाघ तर त्यांच्याच खांबाला बांधला होता. पण बघतात तर काय, खांबाच्या बुडाशी चिखल, चिखलात खुरांचे ठसे, आणि खांबाला डुकराचे केस! रात्री डब्बा वर गुरगुरत होता आणि खाली डुकरं त्याच खांबाला पाठ घासून गेली होती. चार दिवस भ्याली, मग त्यांना कळलं, हा नुसता बोलतो. आणि वरच्या अंगाला लोंब्यांमधून दाणा झडायला लागला होता.

घरी आले तर ठमाबाई ओट्यावर बसून पदरानं डोळे पुसत होती. "पोरीवानी वाढवलं जी ते धान," ती म्हणाली. "आता माझ्या डोयादेखत मातीत जाऊन राह्यलं."

ठमाबाईला रडताना हरिदासभाऊंनी फार पाहिलं नव्हतं. शास्त्र गेलं खड्ड्यात! ते उलट्या पावली गेले, खांबावरचा डब्बा सोडून आणला, बाया गोळा केल्या आणि अंगणात सगळ्यांसमोर बटन दाबलं. डरकाळी फुटली. कापणाऱ्यांतली नीलाबाई किंचाळून ओसरीच्या तुळईला लटकायची तेवढी बाकी राहिली.

डब्बा गप्प झाला.

"हाच तो वाघ," हरिदासभाऊ खाली मान घालून म्हणाले. "दुसरा गुणवंतरावाचा."

ठमाबाईनं आधी डब्ब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "म्हणजे डुकरं भ्याले नाई," ती म्हणाली, "अन् आमी भ्यालो. वा रे तुमचं परराष्ट्र!" आणि ती हसायला लागली ती थांबेचना. बायाही हसल्या. हरिदासभाऊंची लाज निघाली, पण त्यांना फार हलकं वाटलं.

दुसऱ्या सकाळी साऱ्या बाया बांधीत उतरल्या. विळे सपसप चालले. हरिदासभाऊंच्याही हातात विळा होता. कमरेत उसण भरली तरी ते तक्रार करत नव्हते. धान अजून पुष्कळ वाचलं होतं. ऊन वर येत होतं, तेवढ्यात गुणवंतरावांच्या बांधीकडून, धुऱ्याजवळच्या उंच गवतातून डरकाळी आली. एकच.

बायांना हसू फुटलं. "गुणवंतरावाचा डब्बा उठला वो!" नीलाबाई ओरडली. ठमाबाईला तर चेव चढला. कमरेला पदर खोचून ती गवताकडे तोंड करून गरजली, "ये ना बाहीर, भाड्या! ये! मिशा उपटून हाती देतो तुह्या!"

"ठमाबाई," मागच्या पांदणीच्या वाटेवरून कोणीतरी फार बारीक आवाजात म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सायकल धरून गुणवंतराव उभे होते. घामानं चिंब. हँडलला त्यांचा डब्बा लटकत होता. "मोहसीनकडे दुरुस्तीले घेऊन जाऊन राह्यलो," ते म्हणाले. "हा कालपासून बंद हाय."

मग गवत हललं. वाघ उठला, आळस झटकला आणि धुऱ्यावर येऊन उभा राहिला. केवढा मोठा होता तो! त्यानं बायांकडे पाहिलं, ठमाबाईकडे जरा जास्तच पाहिलं, आणि पुन्हा काहीही बोलला नाही.

"पळू नका," हरिदासभाऊ पुटपुटले. "पाठ दाखवू नका. सरका. सगळे मिळून." ते ठमाबाईच्या पुढं येऊन उभे राहिले आणि तिला मागं रेटत रेटत एकेक पाऊल मागं घेऊ लागले. बाया एकमेकींना चिकटून मागं सरकल्या. गुणवंतरावांनी सायकल टाकली आणि येऊन हरिदासभाऊंच्या खांद्याला खांदा लावला. युती झाली, आणि त्यासाठी कोणाला चर्चा करावी लागली नाही. वाघानं सगळं बघून घेतलं, धुरा ओलांडला आणि आपल्या वाटेनं नाल्याकडे निघून गेला.

पुढं वनरक्षकाला सोबत घेऊन अख्ख्या गावानं दोन्ही बांध्या कापल्या. तोवर बांधीत डुकराचा नवा ठसा एकही उमटला नव्हता.

टपरीवर आता कोणी मुद्दाम काडी लावतं, "काय जी हरिदासभाऊ, तिकडं अमेरिका अन् चीन, दोघंबी लय धमक्या देऊन राह्यले. कोण भारी?"

हरिदासभाऊ गुणवंतरावांकडे पाहतात. गुणवंतराव चहात पाहतात.

"ओरडणाऱ्याचं सोडा बापा," हरिदासभाऊ हळूच म्हणतात. "गवतात कोण बसला हाय, ते आधी पाहा."