मामाजींनी दवा घेतली

आमच्याकडे कोणी ‘दवा घेतली’ म्हटलं की गावाला एकच दवा आठवते, धानावर फवारायची. हे ठाऊक असूनही त्या दुपारी मी अंगणात उभी राहून नेमकं तेच ओरडले. माझे सासरे सोमाजी, म्हणजे आमचे मामाजी, खाटेवर पडलेले, हलवलं तरी उठेनात, घोरणं भलतंच जड. उशीशी झोपेच्या गोळ्यांची पट्टी, जवळजवळ रिकामी.

मी १०८ ला फोन लावला तोवर शेजारचे रामाजी मिठाचं पाणी घेऊन धावले. उलटी करवायला त्यांनी मामाजींचं तोंड उघडलंसुद्धा. फोनवरची बाई सांगत होती, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, श्वास बघत राहा, पट्टी सोबत आणा. मी रामाजींच्या हातातला तांब्या हिसकावला. वडीलधारे असले म्हणून काय झालं?

गाडी येईपर्यंत मी मामाजींच्या छातीकडे बघत बसले आणि मनातल्या मनात भांडत राहिले. गुणाआत्याबाई, माझ्या सासूबाई, गेल्यापासून आम्ही यांना काय कमी केलं? गाव म्हणेल, सुनेनं छळलं. राग येत होता, आणि ते जाऊ नयेत म्हणून जीवही तुटत होता.

आरमोरीच्या दवाखान्यात उशिरा त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी जीव का द्यायचा होता म्हणून विचारलं, तर मामाजीच गोंधळले. डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

“मले मराचं नोतं, बाई. एका गोळीनं गुणा सपनात ये. पाठमोरी, वावराच्या धुऱ्यावरून चालत जाये. वाटलं, झोप लांबली तं तिच्यापर्यंत पोचीन, अन् तोंड पाहीन.”

घरात फोटो आहे की, मी फणकारले.

“तो आधार कार्डावरचा? ते गुणा नाई. तिचं तोंडच इसरून राह्यलो मी, मयुरी.”

चार खडे बोल सुनवायचे ठरवून बसले होते. ते राहूनच गेले. मी त्यांचा हात धरला आणि आत्याबाईंचं तोंड सांगायला लागले. कपाळावरचं गोंदण, पुढचा तुटका दात, तो झाकायला हसताना तोंडाशी धरलेला पदर. मामाजींनी डोळे मिटले. मी घाबरून थांबले.

“झोपलो नाई,” ते म्हणाले. “सांग अजून.”